राहणाऱ्याचं नाव

हडर्सफील्ड, इंग्लंड
१० जून २००१

मामा आणि मामी,

जय भीम. फोनवर तुम्ही दर वेळी "बरी हाईस ना, मग ठेव, मीटर पळतंय" म्हणता आणि माझं सगळं पोटातच राहतं. म्हणून आज लिहायला बसले. पाय ठणकतायत, डोळे मिटतायत, तरी लिहिते, कारण गोष्टच तशी आहे.

गेल्या गुरुवारी इथं देशाची निवडणूक झाली आणि मी मत दिलं. हो, मीच. पासपोर्ट आपला, येऊन दीड वर्ष होतंय, नीट इंग्रजी बोललं तरी समोरचा "काय म्हणालीस?" असं दोनदा विचारतो, आणि मला मत. इंग्रजांचं राज्य जिथं जिथं होतं तिथली माणसं इथं रीतसर राहत असली की त्यांना मत देता येतं, असा यांचा जुना कायदा आहे म्हणे. मी अर्जसुद्धा केला नव्हता. ज्या घरात मी खोली घेऊन राहते त्या घरमालकिणीला दर वर्षी एक कागद येतो, तुमच्या घरात कोण कोण राहतं ते लिहा म्हणून. तिनं स्वतःचं नाव लिहिलं, खाली माझं लिहिलं आणि पोस्टात टाकलं. संपलं.

शाळेच्या हॉलमध्ये केंद्र होतं. नाव विचारलं, पत्ता विचारला, पुरावा काही मागितला नाही. दोरीला बांधलेली पेन्सिल होती, तिनं फुली मारायची. बोटाला शाई नाही की काही नाही. बाहेर आल्यावर मी आपली कोरं बोट बघत उभी.

पण फार हुरळून जाऊ नका. मत देता येतं, राहता येईल की नाही ते माझ्या हातात नाही. माझा कामाचा परवाना वृद्धाश्रमाच्या मालकाच्या नावावर आहे. त्यानं उद्या नको म्हटलं की परवानाही गेला आणि मीही गेले. आश्रमातल्या एक आजी आहेत, मी त्यांना रोज आंघोळ घालते. रोज विचारतात, "मग पोरी, घरी कधी जाणार?" त्यांच्या मनात वाईट नसतं. मी रोज हसते. आता हसायचाही कंटाळा यायला लागलाय.

तुमच्या महेंद्रचं काय झालं? कंपनीत त्याला परमनंट करणार होते ना? मामीचे गुडघे कसे आहेत?

तुमची,
गौतमी


खोरमाळ, कुरकुंभजवळ, ता. दौंड
२ जुलै २००१

गौतमे,

तुझ्या मामाचा आन् मामीचा जय भीम. कागद पोचला. मामीला मोठ्यानं वाचून दाखवला. ती म्हणली, पेन्सिलीनं मत दिल्यावर कुणी रबरानं खोडलं म्हंजी? म्या म्हणलं, तुला काय करायचंय, इंग्रज बघून घेतील. पण खरं सांगू, मलाबी तेच वाटलं.

तुझी आई गेली तवा तू फ्रॉकात हुतीस. तिला म्हणलं हुतं, पोरीला शिकवतो. आज ती आसती तर गावभर सांगत फिरली आसती. आता तिच्या वाटणीचं मीच फिरतोय. पारावर सांगितलं तर कुणाचा इस्वास बसंना. रेल्वेतला जुना दोस्त दौंडला भेटला, त्येलाबी सांगितलं. त्यो म्हणला, म्हाळू, दीडशे वर्सं राज्य केलं त्येचं व्याज फेडत्यात.

आता हिकडची गोष्ट. आपल्या मागल्या खोलीतला रामाशीष तुला ठावं हाय. तू नर्सिंगला पुण्यात हुतीस तवा आला, आठ वर्सं झाली. केमिकल कंपनीत कंत्राटदाराकडं हाय, ड्रम धुतो. त्येला खोली दिली ती तो गया जिल्ह्याचा म्हणून. म्या म्हणलं, बुद्धगयेचा माणूस दारात आला, ह्यो योगच हाय. त्येला इचारलं, बोधीवृक्ष बघितलास का रं? तर म्हणला, "मामा, उधर का बस भाड़ा बहुत है."

त्यो परवा उंबऱ्यात येऊन बसला आन् म्हणला, "मामा, वोट में मेरा और सुनैना का नाम डलवा दो." म्या म्हणलं, तुझ्या गावाकडं आसंल की नाव. तर म्हणला, तिकडं माझ्या नावावर दुसराच कुणीतरी मत टाकतो, गावाकडनं तसा सांगावा आलाय. आन् हितं नळ मागाय गेलो तर म्हणत्यात, तू कुठला?

नळाचं आसं हाय. पंचायतीची पायपलाईन माझ्या घरापत्तोर आली आन् थांबली. मागं भाड्याच्या खोल्यांची सगळी ओळ, बिहारी, यूपीवाली, एक दोन ओडिशाची. तिकडं पाइप गेली न्हाई, कारण तिकडं मतं न्हाईत. त्येची बायको सुनैना पोटुशी आसतानाबी कंपनीच्या गेटावरल्या टाकीवरनं हंडं आणायची. माझ्या नळावर भर म्हणलं तर बाकीच्या बायका रांग लावत्यात, आन् पाणी येतं तासभर. त्येला दुसरं काय बी नको. त्येला दारात नळ पायजे, आन् त्येच्यापायी यादीत नाव पायजे.

वरल्या आळीच्या जयसिंगचा ह्येला इरोध हाय. तू त्येला वाईट म्हणू नगंस, त्येचं दुखणं खोटं न्हाई. त्येची बागाईत जमीन एमआयडीसीत गेली. घरटी एकाला नोकरी म्हणले हुते, मिळाली गेटवर काठी घेऊन हुबं ऱ्हायाची. कंत्राटदार बाहेरची माणसं आणतो, ती बारा तास गप काम करत्यात. त्यो म्हणतो, रान गेलं, नोकऱ्या गेल्या, आता मतंबी त्यांची झाली की गाव आमचं ऱ्हाईल का?

मामीचे गुडघे हाईत तसंच हाईत. म्हैंद्रा बरा हाय.

म्हाळू मामा


हडर्सफील्ड
५ ऑगस्ट २००१

मामा,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. एकदा कामावर, एकदा घरी.

रामाशीषचं नाव घाला. तुम्ही घरमालक आहात, तुम्हीच सांगायचं की तो इथं राहतो. माझ्या घरमालकिणीला माझं काय पडलं होतं? आम्ही आठवड्यातून एकदा बोलतो, तेही कचऱ्याच्या डब्यावरून. पण कागदानं विचारलं घरात कोण राहतं, आणि तिनं खरं ते लिहिलं. तिला ते उपकारासारखं वाटलं नाही, म्हणून मलाही ओझं झालं नाही.

आणि मामा, महेंद्रबद्दल तुम्ही तीन शब्द लिहिलेत, "म्हैंद्रा बरा हाय." म्हणजे बरा नाही. मामीच्या गुडघ्यांनासुद्धा त्याच्यापेक्षा जास्त शाई मिळाली. काय ते लिहा.

इथं ऑगस्ट असून स्वेटर घालून बसलेय. कधी कधी वाटतं कुरकुंभच्या उन्हात, त्या कंपन्यांच्या वासात, नुसतं तासभर बसायला मिळावं. वासाचीसुद्धा आठवण येईल असं कधी वाटलं नव्हतं.

गौतमी


खोरमाळ
२१ नोव्हेंबर २००१

गौतमे,

उशीर झाला, रागवू नगंस. हातावर हात धरून बसलोय असं न्हाई, पण दिवस कसं जात्यात कळत न्हाई. रिटायर झाल्यावर माणसाला येळ आसतो म्हणणाऱ्याला एकदा माझ्याकडं धाड.

रामाशीषचा आन् सुनैनाचा अर्ज शाळेतल्या गुरुजीकडनं भरून घेतला. त्येच्यावर हरकत आलीय. ही माणसं हंगामी हाईत, गावची न्हाईत, नावं घेऊ नयेत, असं कुणीतरी लिहून दिलंय. दौंडला तहसील कचेरीत डिसेंबरात सुनावणी हाय. नोटीस रामाशीषला आली. त्येला मराठी वाचता येत न्हाई, म्हणून त्येनं म्हैंद्राकडनं वाचून घेतली. म्या बघितली न्हाई. हरकत कुणाची म्हणून इचारलं तर म्हैंद्रा म्हणला, काय गिचमिड सही हाय. जयसिंगचंच काम आसणार.

म्हैंद्राचं इचारत हुतीस. परमनंटचं झालं न्हाई. कंत्राटदारानं त्येची शिफ्ट कापली आन् दोन यूपीची पोरं लावली. तवापास्नं त्यो घरात आसून नसल्यागत. जयसिंगच्या बैठकीत जातो. जयसिंगची कंपनीत वळख हाय, त्येनं शब्द दिलाय म्हणं.

एक चांगली गोष्ट सांगतो. मागल्या आठवड्यात गावचा सप्ता उठला, शेवटच्या दिशी गावजेवण. आपण देवाला जात न्हाई, गावाला म्हणून जातो, तुला ठावं हाय. औंदा जयसिंग स्वता खोल्यांच्या ओळीत जाऊन आवतण देऊन आला, समद्यांनी या, घरी चूल पेटवू नका. मला नवल वाटलं. म्या म्हणलं, बर्फ वितळतंय.

मंडपात पोचलो तर माईकवर पुकारलं, पाहुणे मंडळींनी पयल्या पंगतीला बसून घ्यावं. रामाशीष बाह्या सरसावून भाताची बादली घ्यायला निघाला हुता, त्येला वाढपी व्हायचं हुतं. म्या त्येचा हात धरला. म्हणलं, गप, आज तुझा मान हाय. आन् पयल्या पंगतीत, तालुक्याच्या पाहुण्यांच्या मांडीला मांडी लावून बसवला. सुनैनाला बायकांच्या पंगतीत तसंच. जयसिंगनं स्वता त्येला बुंदी वाढली.

तुला सांगतो, माझं डोळं भरून आलं. माझ्या लहानपणी आम्ही समद्यांच्या शेवटी, मंडपाच्या भाईर, आपली पत्रावळ आपण घेऊन बसायचो. पयली पंगत म्हंजी काय आसंल ह्येचा म्या जल्मभर इचार केला. आन् माझा भाडेकरू तितं बसला. आता सुनावणीत जयसिंग काय बोलणार न्हाई, बघ.

मामा


हडर्सफील्ड
४ डिसेंबर २००१

मामा,

हे पत्र सुनावणीच्या आधी पोचावं म्हणून कामावरूनच लिहून पोस्टात टाकते आहे. गावात फोन लावला, लागत नाही, वायर तुटली असणार.

मामा, तुम्ही त्याला पाहुण्यांच्या पंगतीत का बसवलंत?

आपल्या गावात पहिल्या पंगतीला गावचा माणूस कधी बसतो का? गावचा माणूस वाढतो. पाहुणे उठले की मागनं जेवतो, भात थंड झालेला असला तरी. म्हणून तर वाढप्याला एवढा मान. रामाशीष बादली घ्यायला निघाला होता, म्हणजे त्याला हे तुमच्यापेक्षा नीट कळलं होतं. त्याला वाढू द्यायला हवं होतं. जयसिंगमामांनी आवतण दिलं ते उगीच नाही. आता ते सांगतील, अख्ख्या गावानं पाहिलंय, हा पाहुणा आहे, स्वतः पाहुण्यांत बसला.

चिडून लिहिते आहे, पण तुमच्यावर चिडलेले नाही. तुम्हाला ती पंगत कशी दिसली असेल ते मला कळतं. मीसुद्धा तेच केलं असतं कदाचित. सुनावणीत साहेबाला सांगा की जेवणाचा आणि मताचा संबंध नाही. राहतो की नाही एवढंच बघा म्हणावं.

गौतमी


खोरमाळ
२० डिसेंबर २००१

गौतमे,

तुझा कागद परवा आला. सुनावणी त्येच्या आधीच झाली.

झालं ते जसंच्या तसं सांगतो. बाकड्यावर आम्ही तिघं बसलो, मी, रामाशीष आन् सुनैना लेकरू घिऊन. जयसिंग पलीकडं. नायब तहसीलदार साहेब सर्दीनं हैराण, दर वाक्याला नाक पुसत हुते. कारकुनानं पुकारलं, हरकतदार हजर आहेत का? जयसिंग उठला न्हाई. दारातनं म्हैंद्रा आत आला.

म्या वळून बघितलं, वाटलं मला घ्यायला आलाय. त्यो टेबलापाशी जाऊन हुबा ऱ्हायला आन् म्हणला, "मीच हरकत घेतलीय साहेब, महेंद्र म्हाळू." माझ्याकडं बघितलं न्हाई. रामाशीषकडंबी न्हाई, ज्येला त्येनं नोटीस वाचून दाखवली. गौतमे, म्या रेल्वेत रुळावर तीस वर्सं काढली, पायाखालची जमीन हालायची मला सवय हाय. पण त्या दिवशी बाकडं धरून बसलो.

तू लिहिलंस तसंच झालं. म्हैंद्रा म्हणला, हा माणूस गावचा न्हाई, गावजेवणाला पाहुण्यांच्या पयल्या पंगतीत बसला हुता, गाव साक्षीला हाय. साहेबांनी रामाशीषला इचारलं, खरं आहे का? त्यो बिचारा छाती फुगवून म्हणला, "जी साहब, पहली पंगत में. बड़े मान से बिठाया." कारकून हसला. जयसिंग न्हाई हसला. मला वाटतं त्येलाबी बरं वाटलं न्हाई.

मग साहेब माझ्याकडं वळले. "तुम्ही घरमालक. तुमचं काय म्हणणं?"

म्या हुबा ऱ्हायलो. म्हणलं, साहेब, त्येला म्या बसवला तितं, त्यो वाढायला निघाला हुता. पण पंगत बघून माणूस ठरवू नका. माझ्या बापानं जल्मभर गावाची तराळकी केली, निरोप पोचवलं, सांगावं धाडलं. त्येला मत बावन्न सालीच मिळालं. पंगत मला मिळाली ती केस पांढरं झाल्यावर. मधली सगळी वर्सं आम्ही गावचे न्हवतो का? ह्यो आठ वर्सं माझ्या खोलीत ऱ्हातो, त्येचं लेकरू हितं जल्मलं, शिफ्ट संपली की ह्याच गावात झोपतो. ज्यो ऱ्हातो त्यो गावचा. दुसरं माप मला ठावं न्हाई.

साहेबांस्नी दाखला म्हणून तुझ्या मताचंबी सांगितलं, इंग्रजांनी आमच्या पोरीचं नाव घातलं म्हणून. साहेब म्हणले, तो त्यांचा कायदा, इथला नाही. पण राहतो की नाही एवढंच मला बघायचंय, जेवला कुठं ते नाही. लिहून देता का, तुमच्या खोलीत राहतो म्हणून?

कागद म्होरं सरकवला. म्हैंद्रा तवा पयल्यांदा माझ्याकडं बघत हुता. त्येच्या डोळ्यात राग न्हवता. लहानपणी जत्रंत हात सुटल्यावर बघायचा, तसं बघत हुता. त्येला ठावं हुतं, ही नावं आली की जयसिंगचा शब्द गेला, आन् शब्द गेला की नोकरी गेली. मलाबी ठावं हुतं.

म्या सही केली. नावं मंजूर झाली. रामाशीष पाया पडायला वाकला तर म्या त्येला हाटकलं, आता नगं म्हणलं.

यष्टीत म्हैंद्रा आमच्या संगं न्हवता. राती घरी आला, कपडे भरले, आन् मामीला म्हणला, ह्या घरात भाडेकऱ्याला बाप हाय, मला न्हाई. सकाळी गेला. अंकलेश्वरला, गुजरातेत. तिकडं केमिकलमधी हेल्पर लागतो म्हणं. मामी रडून रडून आजारी हाय.

तू म्हणशील बरोबर केलं. आसंल बरोबर. मला काय बी कळंना झालंय.

मामा


हडर्सफील्ड
१७ फेब्रुवारी २००२

मामा,

महेंद्रचं मला पत्र आलं. त्यानं तुम्हाला सांगू नको म्हटलंय, पण तुमच्यापासून काय लपवायचं. अंकलेश्वरला सहा जणांत एक खोली आहे, सगळे बाहेरचे, आपल्याकडचा तो एकटाच. तब्येत ठीक आहे.

त्यानं लिहिलंय ते तसंच उतरवते: "ताई, तू बाबांच्याच बाजूनं असणार, कारण तू तिकडची रामाशीष आहेस. तुझ्यामुळं तिथल्या कुणाची तरी शिफ्ट कापली गेली असेल, तुला त्याचं नावसुद्धा माहीत नाही. मला रामाशीषचा राग नाही. तो माणूस चांगला आहे. पण ज्यांचं घर आहे त्यांना कुणाला आत घ्यायचं हे ठरवायचा हक्क नको का? आणि तो हक्क नसेल तर माझं त्या गावात असं काय आहे?"

मामा, त्याला उत्तर लिहायला बसले. चार वेळा सुरुवात केली. तुमची सही बरोबर होती असंच मला वाटतं, पण त्याचं म्हणणं खोटं आहे असंही म्हणवत नाही. दौंडच्या सरकारी दवाखान्यात नर्सच्या जागा रिकाम्या असतात आणि मी इथं परक्या म्हाताऱ्यांच्या पाठी चोळते. ज्यांनी मला शिकवलं त्यांच्या पाठी कोण चोळणार?

माझ्या मालकानं आश्रम विकायला काढलाय. नवा मालक परवाना काढेल की नाही ते कळेल मेपर्यंत. घरमालकीण म्हणाली, तुझं नाव यंदाही लिहून टाकते. मी हो म्हटलं. पण खरं सांगू का मामा, फार दमले आहे. माणसानं कुठंतरी आपलं असं गृहीत धरून झोपावं, तसं झोपून दोन वर्षं झाली.

मामीची काळजी घ्या. महेंद्रला तुम्हीच पहिलं पत्र लिहा. तो लिहिणार नाही, तो तुमच्यावरच गेलाय.

गौतमी


खोरमाळ
२९ डिसेंबर २००२

गौतमे,

वर्स होत आलं, माझ्याकडनं कागद न्हाई. तू फोन केलास तवा तेवढ्यापुरतं बोललो. तुला नवा मालक मिळाला, परवाना झाला, ऐकून बरं वाटलं. तू सांगितलंस म्हणून म्हैंद्राला तीन कागद लिहिलं. त्येचा एक आला, मामीच्या नावानं. त्यात माझं कसं काय इचारलं न्हाई, पण "बाबांचा खोकला" आसा एक शब्द हुता. तेवढ्यावर मी चार महिनं काढलं.

नळ आला. फेब्रुवारीत झेडपीची निवडणूक झाली तवा उमेदवार हात जोडून खोल्यांच्या ओळीत आलं, जिथं कधी कुत्रं फिरकत न्हवतं. रामाशीषच्या मागनं आणखी आठ-धा जणांनी अर्ज केलं हुतं. उन्हाळ्याच्या आत पाइप पडली. सुनैना पयला हंडा माझ्या दारात आणून ठेवून गेली. मामीनं त्यो दिवसभर आत घेतला न्हाई. सांजच्याला घेतला.

आता ज्येच्यासाठी लिहितोय ते. औंदाच्या यादीला पुन्हा हरकती निघाल्या. म्होरल्या साली पंचायत हाय, एकेका मताची झाडाझडती चाललीय. जयसिंगच्या पुतण्यानं हरकत घातली, महेंद्र म्हाळू हे गावात राहत नाहीत, नाव कमी करा. मला दौंडला बोलावणं आलं. त्याच खोलीत, तेच बाकडं. साहेब दुसरे हुते, ह्यास्नी सर्दी न्हवती.

रामाशीष माझ्या संगं आला, येऊ नगं म्हणलं तरी. शिफ्ट बुडवून आला.

साहेबांनी इचारलं, मुलगा राहतो का तुमच्याकडं? म्या बाकड्याची कड धरली. साहेब भला माणूस, म्हणले, येऊन-जाऊन असतो असं असेल तर तसं सांगा, नाव ठेवतो. मुंबई-पुण्याला गेलेल्यांची नावं निम्म्या गावांत असतातच, आम्हाला माहिताय. रामाशीष मागनं हळू म्हणला, "बोल दो मामा, आता-जाता है." जयसिंगबी तितंच हुता. खाली बघत बसला हुता. मला वाटतं त्येच्या पुतण्यानं त्येला न इचारता घातली हरकत.

सोपं हुतं गं. एक हो म्हणायचं हुतं. समदी म्हणत्यात.

पण वर्साखाली त्याच टेबलाम्होरं म्या म्हणलो हुतो, ज्यो ऱ्हातो त्यो गावचा, दुसरं माप ठावं न्हाई. आन् त्या मापानं ज्येचं नाव आलं त्यो माझ्या पाठीमागं हुबा हुता. आता माझ्या पोराची बारी आली तर माप बदलू? मग म्हैंद्रा बरोबर हुता आसं झालं. मग त्येला घराबाहेर कशापायी घालवला?

म्या म्हणलं, न्हाई साहेब. वर्स झालं, आला न्हाई. दिवाळीलाबी न्हाई. त्यो अंकलेश्वरला ऱ्हातो.

दोनदा म्हणावं लागलं. साहेबांनी लाल पेनानं रेघ मारली. मला लई वाईट वाटलं, गौतमे. त्यो जल्मला तवा ग्रामपंचायतीत नोंद करायला मीच गेलो हुतो, पेढे वाटत.

मग साहेबांचं बोट खालच्या ओळीवर गेलं. म्हणले, या घरात आणखी एक नाव आहे. गौतमी. ह्या कुठं असतात?

मला ठावंच न्हवतं तुझं नाव अजून हाय म्हणून. कुणी काढलं न्हाई, ऱ्हाऊन गेलं. कुणी हरकतबी घेतली न्हवती. नुसतं इचारलं.

म्या म्हणलं, विलायतेत असती साहेब. तितं तिचं मत हाय.

त्येबी गेलं. ओरडू नगंस. ओरडलीस तरी चालंल.

घरी येऊन मामीला सांगितलं. ती भाकरी करत हुती, तव्यावरची भाकरी जळली तरी तशीच बसली. आता यादीत आपल्या घर नंबराखाली चार नावं हाईत. मी, तुझी मामी, रामाशीष आन् सुनैना.

म्हैंद्राला कसं लिहू कळंना, म्हणून आधी तुला लिहितोय. तूच त्येला सांग. रागानं सांगू नगंस, जपून सांग. आन् दोघांनाबी सांगतो, नाव पुन्हा घालता येतं असं साहेब म्हणले, फकस्त हितं येऊन ऱ्हायला पायजे.

तुझा मामा
म्हाळू